शोधाची हद्द आखणारा व्यवसाय : जैव-औषधी क्षेत्रातील पेटंट एजंट

भारतात पेटंट एजंट होण्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी घेतलेल्या आणि वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्या भारतीय नागरिकाला पेटंट कार्यालयाची परीक्षा देऊन नोंदणी करता येते, मात्र न्यायालयात बाजू मांडायची तर वकिलीची सनद हवी. पूर्वी १९७० च्या पेटंट कायद्यानुसार औषधाच्या निर्मितीप्रक्रियेला पेटंट मिळे, खुद्द औषधाला नाही, आणि त्यामुळेच भारतीय कंपन्यांना तीच औषधे वेगळ्या प्रक्रियेने स्वस्तात बनवता आली. १ जानेवारी २००५ पासून औषधालाही पेटंट मिळू लागले, तेव्हा रेणू आणि लस यांवरील हक्क नेमक्या शब्दांत बांधणाऱ्या जाणकारांची गरज वाढली.

या कामाचा गाभा म्हणजे दावे लिहिणे. दावा म्हणजे अर्जाच्या अखेरीस येणारे, मक्तेदारीची हद्द ठरवणारे क्रमांकित वाक्य. एखाद्या प्रयोगशाळेला उपयुक्त विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करणारा जिवाणू मातीत सापडला, तर निसर्गात आहे तशा जिवाणूवर दावा करता येत नाही. प्रयोगशाळेत बदललेला वाण किंवा विकर मिळवण्याची प्रक्रिया यांवर मात्र करता येतो. असा जिवाणू केवळ शब्दांत पुरता वर्णन करता येत नसल्याने त्याचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेत, उदाहरणार्थ पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात, अर्जापूर्वी ठेवून त्याचा क्रमांक अर्जात द्यावा लागतो, शिवाय जैवविविधता प्राधिकरणाकडील पूर्तता निराळी. या सगळ्याआधी, अर्ज दाखल होईपर्यंत शोधनिबंध छापायला देऊ नका, हे संशोधकाला पटवण्याचे अवघड काम एजंटालाच करावे लागते, कारण निबंध आधी प्रसिद्ध झाला की सामान्यतः शोधाचे नावीन्य संपते.

परदेशी कंपन्यांचे अर्ज भारतात आणताना कस लागतो तो पेटंट कायद्याच्या कलम ३ मुळे. उपचारपद्धतीला येथे पेटंट नाही, म्हणून अमेरिकेतील अर्जातला उपचाराचा दावा येथे, शक्य असेल तेथे, औषधाच्या मिश्रणाचा दावा म्हणून नव्याने लिहावा लागतो. याच कलमाच्या ‘डी’ उपकलमाप्रमाणे ज्ञात औषधाच्या नव्या रूपाला, त्याची परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाल्याशिवाय, पेटंट मिळत नाही. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसच्या ग्लिवेक या कर्करोगावरील औषधाच्या बीटा स्फटिकरूपाला पेटंट नाकारताना ही परिणामकारकता रोग बरा करण्यातलीच असली पाहिजे, असा अर्थ लावला. तेव्हापासून अर्जात कोणते प्रयोग हवेत, हे एजंटाला संशोधकाबरोबर आधीच ठरवावे लागते.

या व्यवसायाच्या आढाव्यात अर्जदारांच्या बाजूचीच दखल घेतली जाते, हे एकांगी आहे. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती त्याला विरोध करू शकते, आणि तो विरोध लिहिण्यासाठीही हेच ज्ञान लागते. क्षयरोगातून बऱ्या झालेल्या दोन स्त्रियांनी, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची, बेडाक्विलिन या औषधाच्या फ्युमरेट क्षारावरील अर्जाला असा विरोध केला आणि मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. मूळ रेणूचे पेटंट त्याच वर्षी जुलैत संपले, आणि २०२७ पर्यंत लांबू शकली असती अशी मक्तेदारी टळून भारतीय उत्पादकांना ते औषध बनवण्याची वाट खुली झाली.