गोठ्यातला उंदीर, घरातला ताप

हलका धान घरी आला आणि भारी धानाची कापणी सुरू झाली की सिहोरा परिसरातल्या कोठ्या आणि गोठे भरू लागतात. धानाच्या पोत्यांमागोमाग उंदीरही शेतातून घराकडे येतो. गोठ्यात त्याला तणसाची ऊब मिळते, ढेप-कोंडा मिळतो आणि जनावरांच्या टाक्यातले पाणीही मिळते. आपण मात्र उंदराचे नुकसान फक्त कुरतडलेल्या पोत्यांत मोजतो. त्याच्यामुळे होणारे आजारही माहीत असणे जरुरीचे आहे.

पहिला आजार लेप्टोस्पायरोसिस. याचे जंतू उंदराच्या लघवीतून बाहेर पडतात आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात बरेच दिवस जगतात. पायाच्या भेगांतून किंवा जखमेतून ते शरीरात शिरतात. धानाच्या बांधीत आणि गोठ्याच्या चिखलात अनवाणी काम करणाऱ्याला हा धोका अधिक असतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. जोराचा ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे आणि लाल डोळे ही याची लक्षणे आहेत. पुढे कावीळ होऊन लघवी कमी झाली, तर मूत्रपिंडांवर परिणाम झाला असे समजावे.

दुसरा आजार स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत याचे बरेच रुग्ण सापडले. हा रोग उंदराच्या चाव्याने होत नाही. उंदराच्या अंगावर आणि गवतात वाढणाऱ्या एका अतिसूक्ष्म किड्याची पिल्ले माणसाला चावतात, तेव्हा होतो. चावलेल्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते. ती दुखत नाही, खाजत नाही आणि बहुधा काख, जांघ किंवा कमरेशी लपलेली असते. म्हणून ताप असलेल्या माणसाचे अंग नीट पाहावे. डॉक्सीसायक्लिन हे साधे, स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर रुग्ण लवकर बरा होतो. पण ‘व्हायरल आहे’ म्हणून आठवडा काढला, तर फुप्फुस आणि मेंदूपर्यंत प्रकरण जाते. औषध मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. ताप असेल तर ‘आमच्या गोठ्यात उंदीर आहेत’ हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. या एका वाक्याने निदान सोपे होते.

प्लेगची आठवणही ठेवायला हवी. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. भीतीने अनेक कुटुंबे घराबाहेर राहू लागली आणि धान्य बंद घरांत पडून राहिले. तिथे उंदीर माजले. पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण आढळले. कारण नसताना गावात पटापट उंदीर मरू लागले, तर त्यांना हात लावू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात.

आता बंदोबस्ताचे पाहू. आधी त्याचे खाणे बंद करा. ढेप, चुरी आणि कोंडा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. पोती जमिनीपासून आणि भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर रचा. तणसाचा ढीग गोठ्याला खेटून नको. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतूनही आत येतो, म्हणून दाराखाली पत्रा मारा. संध्याकाळी सगळी बिळे मातीने लिंपा. सकाळी जी उकरलेली दिसतील, त्यांतच उंदीर आहेत. पिंजरे तिथेच, भिंतीच्या कडेला लावा. पहिले दोन-तीन दिवस पिंजऱ्यात तेलकट भजे ठेवा, पण दार उघडेच राहू द्या. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. सवय झाली की दार लावा. एक पिंजरा पुरत नाही, चार-पाच एकदमच लावावेत. उंदीर संपले की रिकामी बिळे काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवा.

लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडा, दहा मिनिटे थांबा, मग हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून उचला. मेलेला उंदीर हातभर खोल पुरा.

विष हा शेवटचा उपाय आहे. झिंक फॉस्फाइड पोटात गेले की त्याचा विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट खाल्लेला माणूस एक-दोन दिवस बरा दिसतो आणि नंतर त्याचे यकृत निकामी होते. ब्रोमॅडिओलोनचा परिणाम हळू होतो आणि त्यावर व्हिटॅमिन ‘के’चा उतारा आहे, तरी तेही विषच. कोणतेही विष पिठात कालवून उघड्यावर ठेवू नका, मुले आणि वासरे ते खातात. उरलेले कुलुपात ठेवा. रागाच्या भरात हात पोहोचेल अशा जागी विष असल्यामुळे अनेक घरे उद्ध्वस्त झाली आहेत. कोणी विष घेतलेच, तर काही पाजत बसू नका, उलटी काढू नका. त्याचे पाकीट सोबत घ्या, १०८ ला फोन करा आणि रुग्ण ठीक बोलत असला तरी थेट तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या.

उंदरामागे साप येतो हेही विसरू नका. रात्री गोठ्यात जाताना पायात जोडा आणि हातात बॅटरी हवी. धामण मात्र मारू नका. ती बिनविषारी आहे आणि उंदीरच खाते.

एका घराने उंदीर काढले तर ते शेजारच्या गोठ्यात जातात. म्हणून मळणी आटोपली की सगळ्या मोहल्ल्याने मिळून एकाच आठवड्यात पिंजरे लावावेत. खर्च थोडा येतो, आणि पुढच्या पावसाळ्यातले तापाचे काही रुग्ण नक्की कमी होतात.