डोळे मिटलेल्या बुद्धाची बातमी

१९९७च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने तिथल्या बौद्धवेडावर अंक काढला. मुखपृष्ठावर नट ब्रॅड पिट. २००३ साली ध्यानाच्या विज्ञानावरच्या अंकावर अभिनेत्री हीदर ग्रॅहम, डोळे मिटून. २०१४ साली 'माइंडफुलनेस'चा, म्हणजे सजगतेचा, अंक आला, पुन्हा डोळे मिटलेली गोरी तरुणी. मधल्या २०१३ साली म्यानमारचा विराथू हा भिक्खू 'बौद्ध दहशती'चा चेहरा म्हणून झळकला. एवढा अडीच हजार वर्षांचा धम्म, आणि त्याला जागा दोनच: परम शांत किंवा भयंकर.

पण त्या शांत चेहऱ्यांमागचा धागा धरून मागे गेलं की थक्क व्हायला होतं. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशचा शेवटचा राजा हटवला. धम्माचा राजाश्रय गेला. त्या काळात लेडी सयाडो या विद्वान भिक्खूंनी ध्यान गृहस्थांच्या हाती दिलं. त्याच परंपरेतले ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशचे महालेखापाल, म्हणजे चक्क सरकारी अधिकारी. त्यांच्याकडे सत्यनारायण गोयंका हे मारवाडी व्यापारी गेले ते असह्य डोकेदुखी घेऊन, आणि ध्यान शिकले. १९६९ साली गोयंकाजी भारतात आले आणि ध्यानाचं पहिलं शिबिर मुंबईत झालं. १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी हे ध्यानकेंद्र उभं राहिलं; आमच्या बदलापूरच्या शिरगावातून निघालं तर कल्याणला गाडी बदलायची, एवढंच.

आता गंमत बघा. १९७१च्या जानेवारीत बोधगयेच्या शिबिरात गोयंकाजींसमोर काही अमेरिकन तरुण बसले होते. त्यातले जोसेफ गोल्डस्टीन आणि शॅरन साल्झबर्ग यांनी पुढे जॅक कॉर्नफिल्ड यांच्यासोबत मॅसॅच्युसेट्समधल्या बॅरी गावी ध्यानकेंद्र काढलं. तिथेच ध्यानाला बसलेले असताना, १९७९ साली, जॉन कबाट-झिन यांना रुग्णालयात ध्यान शिकवायची कल्पना सुचली; 'टाइम'च्या 'माइंडफुलनेस'चं मूळ तिथे. बोधगयेच्या त्या शिबिरातलेच डॅनियल गोलमन 'न्यूयॉर्क टाइम्स'चे वार्ताहर झाले, मेंदू आणि मनावर लिहू लागले. बातमी आणि बातमीदार एकाच शिबिरातून निघाले होते!

या प्रवासात ध्यान पोचलं, पण धम्माचं बरंच काही वाटेत राहिलं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी त्रिशरण, पंचशील आणि २२ प्रतिज्ञा घेतल्या. ताण घालवायला कोणी आलं नव्हतं. माणूस म्हणून ताठ उभं राहायला आले होते. २०११च्या जनगणनेत देशात ८४ लाखांवर बौद्ध, त्यातले ६५ लाखांवर एकट्या महाराष्ट्रात. 'टाइम'च्या त्या मुखपृष्ठांवर यांतलं कोणी नाही, हे मला खटकतं.

आणि भिक्खू म्हणजे जगापासून पळालेला, ही समजूत तर आपल्याच नदीकाठी खोटी ठरते. बदलापूरजवळून वाहणारी उल्हास राजमाचीच्या ज्या डोंगरांतून उतरते, तिथेच कर्जतजवळ कोंडाणे लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची, बोरघाटाच्या व्यापारी वाटेलगतची. कण्हाचा शिष्य बलक याचं नाव तिथे दगडात कोरलेलं आहे. भिक्खू राहिले ते तांड्यांच्या, व्यापाऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर.

शिरगाव-बदलापूरची पोरं आता इंग्रजीत सफाईने लिहितात. त्यांनी कोंडाणे बघावं, विहारातल्या अभ्यासिकेबद्दल, भीमजयंतीबद्दल, आजीने घेतलेल्या दीक्षेबद्दल लिहावं आणि ते परदेशी संपादकांकडे पाठवावं.