प्रश्न एका हायड्रोजनचा

प्रोपॅनॉल दोन प्रकारचे असते. दोन्हींच्या रेणूत कार्बन ३, हायड्रोजन ८ आणि ऑक्सिजन १. मात्र प्रोपॅन-१-ऑलमध्ये ओएच गट साखळीच्या टोकाला असतो, तर प्रोपॅन-२-ऑलमध्ये मधल्या कार्बनवर. त्यामुळे ओएच धरणाऱ्या कार्बनवर पहिल्यात दोन हायड्रोजन असतात, दुसऱ्यात एकच. पुढचे सगळे या मोजणीवर चालते.

आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटबरोबर तापवले, की दोन्हींत नारिंगी रंग जाऊन हिरवा येतो. ऑक्सिडीकरणात ओएचमधला एक हायड्रोजन जातो आणि दुसरा त्या कार्बनवरचा. तिथे कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध तयार होतो. प्रोपॅन-२-ऑलपासून अ‍ॅसिटोन, म्हणजे कीटोन मिळतो. त्या कार्बनवर आता हायड्रोजन उरत नाही, म्हणून क्रिया तिथेच थांबते. प्रोपॅन-१-ऑलपासून प्रोपॅनल हे अल्डिहाइड मिळते. त्यावर एक हायड्रोजन शिल्लक असल्याने ते पुढे प्रोपॅनॉइक आम्लापर्यंत जाऊ शकते. अल्डिहाइडच हवे असेल, तर ते तयार होताच ऊर्ध्वपातनाने बाहेर काढावे लागते. प्रोपॅनल सुमारे ४८ अंश सेल्सिअसला उकळते आणि मूळ अल्कोहोल ९७ अंशांना, म्हणून हे साधते.

मिळालेला द्रव कोणता, हे कसे ओळखायचे? २,४-डायनायट्रोफिनाइल हायड्रॅझिनने दोन्हींत पिवळा-नारिंगी साका येतो. त्यातून कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध असल्याचे कळते, पण प्रकार कळत नाही. त्यासाठी टॉलेन्स अभिकर्मक लागते. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर तपकिरी साका बसतो. तो जेमतेम विरघळेपर्यंत विरल अमोनिया घालायचा. त्यात नमुन्याचे थेंब टाकून नळी गरम पाण्यात धरायची. उरलेला हायड्रोजन असल्यामुळे अल्डिहाइडचे सहज आम्ल होते, चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन मिळतात आणि काचेवर आरसा चढतो. कीटोनला पुढे जायचे तर कार्बन-कार्बन बंधच तोडावा लागेल. एवढे बळ या सौम्य अभिकर्मकात नाही. नळी अस्वच्छ असेल तर आरशाऐवजी काळा गाळ बसतो. हे द्रावण साठवू नये, कारण त्यात स्फोटक संयुगे तयार होतात.

फेहलिंग द्रावणात चांदीचे काम तांबे करते: निळे द्रावण तापवल्यावर प्रोपॅनल विटकरी साका देते. मात्र बेंझाल्डिहाइड इथे सहसा प्रतिसाद देत नाही, टॉलेन्सला देते. उलट फ्रुक्टोज कीटोन असूनही दोन्ही चाचण्यांत होकार देते, कारण अल्कधर्मी द्रावणात त्याची रचना बदलून अल्डिहाइड बनते.

साध्या अल्कोहोलच्या बाबतीत हाच क्रम उलटा वाचता येतो. डायक्रोमेट नारिंगीच राहिले, तर ओएचच्या कार्बनवर हायड्रोजन नव्हता: अल्कोहोल तृतीयक. हिरवे झाले आणि ऊर्ध्वपातनाने काढलेल्या द्रवाने आरसा दिला, तर प्राथमिक. हिरवे झाले, २,४-डायनायट्रोफिनाइल हायड्रॅझिनने साकाही दिला, पण आरसा आला नाही, तर द्वितीयक.