मद्यमुक्तीची सभा आणि आपली घरे

सप्तव्यसनांत मद्याची गणना आहे, आणि श्रावकाच्या मूलगुणांत मद्य, मांस व मधु यांचा त्याग सांगितला आहे. म्हणूनच आपल्या समाजात एखाद्या घरचा कर्ता पुरुष पिऊ लागला, की घराची पहिली धडपड त्याला सोडवण्याची नसते. ती गोष्ट झाकण्याची असते. मुलीचे लग्न ठरायचे असते, पेढीची पत राखायची असते. पाहुण्यांना 'पित्ताचा त्रास आहे' असे सांगितले जाते. तासगावात बेदाण्याच्या सौद्यांना तीच ती माणसे समोरासमोर येतात. तेथे हे कोणाला कळत नाही असे मानणे ही केवळ घरच्यांची समजूत असते. बँकेतील नोकरीत मी पाहिले आहे, की पुष्कळदा घरच्यांच्या आधी खाते बोलू लागते. मालसाठ्याचे विवरण उशिरा येते, भरणा अनियमित होतो, धनादेश परत जाऊ लागतात, आणि जामीनदार म्हणून सही केलेल्या पत्नीला यातले काहीच ठाऊक नसते.

या झाकाझाकीवर उपाय म्हणून जी व्यवस्था जगभर चालते, तिचा उगम एका फसलेल्या व्यवहारातच आहे. १९३५ साली अमेरिकेतील शेअर बाजारातला बिल विल्सन हा गृहस्थ अ‍ॅक्रन शहरी एका कंपनीच्या कामासाठी गेला. काम हातचे गेले. आपण पुन्हा पिऊ, या भीतीने त्याने आपल्यासारखाच कोणी मद्यपी बोलायला मिळावा म्हणून फोन फिरवले, आणि त्याला डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक भेटले. डॉ. स्मिथ यांनी १० जून १९३५ रोजी शेवटचा प्याला घेतला. तोच 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा स्थापनादिन मानतात. भारतात हे काम १९५७ पासून आहे.

'अ‍ॅनॉनिमस' म्हणजे निनावी. सभेत फक्त पहिले नाव सांगायचे. आडनाव, पेढी, गाव कोणी विचारत नाही. फी नाही, अर्ज नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. तास-दीड तास एकेक जण आपला अनुभव सांगतो, मध्ये कोणी सल्ला देत नाही. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून चालतो. बाहेरची देणगी घेत नाहीत. (देणगीदारांच्या नावाची फरशी बसवायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे नवलाचेच!)

त्यांच्या बारा पायऱ्यांपैकी चौथी पायरी व्यापाऱ्याला चटकन उमजेल. स्वतःच्या गुणदोषांची निर्भयपणे मोजदाद करायची. वर्षअखेरीस दुकानात खराब माल वेगळा काढतो तशी. आठव्या व नवव्या पायरीत ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करून शक्य तेथे भरपाई करायची. ही तर आलोचना व क्षमापनेशी नाते सांगणारी गोष्ट. 'फक्त आजचा दिवस प्यायची नाही' हा त्यांचा नेमही दिवसापुरते पच्चक्खाण घेणाऱ्यांना परका नाही. अडचण येते ती 'ईश्वर' या शब्दापाशी. सृष्टिकर्ता न मानणाऱ्या आपण तेथे काय करावे? पायऱ्यांतच 'ज्याला जसा समजेल तसा' अशी मुभा आहे, आणि कित्येक सभासद त्या समूहालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात. एवढ्या कारणावरून कोणी परत फिरू नये.

सभा शोधावी कशी? अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या भारतातील संकेतस्थळावर किंवा त्यांच्या दूरध्वनीवर जवळच्या गटाची वेळ विचारावी. केंद्र शासनाच्या १४४४६ या निःशुल्क व्यसनमुक्ती क्रमांकावरूनही माहिती मिळते. गावातली सभा नको वाटत असेल, तर सांगली, मिरज किंवा कोल्हापूर येथे चौकशी करावी. सौद्यासाठी सांगलीला जाणाऱ्याला ते अंतर काही अधिक नाही. 'खुली' सभा असेल तर घरच्यांनाही बसता येते. 'बंद' सभा केवळ मद्यपींसाठी. पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीवर गप्प बसले तरी चालते. एका गटात मन रमले नाही, तर दुसरा पाहावा.

मात्र अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी घरीच बंद करू नये. हातपाय थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार होऊन जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांना दाखवावे; सांगली व मिरज येथे शासकीय रुग्णालये आहेत. दाखल होऊन उपचार घ्यायचे असतील तर साताऱ्याचे 'परिवर्तन', किंवा डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेले 'मुक्तांगण' आहे. तेथून परतल्यावर सभा अधिकच आवश्यक ठरते, कारण खरी परीक्षा घरी आल्यावर, वसुलीच्या दौऱ्यावर आणि लग्नाच्या आदल्या रात्री मित्रांच्या खोलीत होते.

तो जायला तयारच नसेल तर? पत्नीने, आईने, भावाने त्याची वाट पाहत बसू नये. कुटुंबीयांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' हे स्वतंत्र गट १९५१ पासून आहेत. बिल विल्सनची पत्नी लुईस ही त्यांच्या संस्थापकांपैकी एक. तिथे जाण्यासाठी पिणाऱ्याची परवानगी लागत नाही. नवऱ्याच्या वतीने पुरवठादाराला खोटे सांगणे, त्याचे उधार गुपचूप फेडणे, हे थांबवायचे कसे, हे तिथे अशाच घरातल्या बायका एकमेकींना सांगतात.