लशीलाही ‘देवी’ का म्हणतात?

पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या दंडावर नाण्याएवढा गोल व्रण असतो. विचारलं तर उत्तर मिळतं, “लहानपणी देवी काढल्या होत्या.” देवी काढणं म्हणजे लस टोचणं. आजार देवी, त्याची लसही देवी!

देवीच्या साथीत साधारण दर तिघांपैकी एक रुग्ण दगावायचा. वाचलेल्यांचा चेहरा वणांनी भरायचा, काहींचे डोळे जायचे. औषध नव्हतंच. अंगात शीतलादेवी आली, असं लोक मानायचे आणि तिला थंड ठेवायला धडपडायचे. घरात फोडणी नाही, तळण नाही. दारात कडुनिंबाचा डहाळा, पाहुण्यांना मनाई. रुग्णावर ओरडायचं नाही, कारण त्याच्यात आई आहे. यात शुश्रूषेचं बरंच शहाणपण होतं. रुग्ण आपोआप वेगळा राहायचा, आणि अंगभर फोड आलेल्या मुलाची किळस न करता त्याला सांभाळलं जायचं.

पेच पडला तो लशीमुळे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. ही भारतातली पहिली यशस्वी लस. पण तेव्हा लस बाटलीत मिळत नव्हती. एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडात टोचायचे. कुणाच्या अंगातलं कुणाच्या अंगात? विटाळाची भीती होती, आणि देवी कोपेल ही त्याहून मोठी. तरी हळूहळू लस रुजली, तीही देवीचंच नाव घेऊन. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५मध्ये सापडला आणि १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झालं.

आजार गेला, समजूत मात्र गोवर-कांजिण्यांवर सरकली. आजही ‘आई आल्यात’ म्हणून कित्येक मुलांना दवाखान्यात नेत नाहीत. गोवर साधा वाटतो, पण त्यातून न्यूमोनिया होतो, जीव जातो. २०२२मध्ये मुंबईत गोवरच्या साथीत लहान मुलं दगावली. सरकारी दवाखान्यात याची लस मोफत आहे. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळाव्या महिन्यानंतर.

दारात डहाळा लावायला कुणाची हरकत नाही. पण अंगावर पुरळ असलेलं मूल धापा टाकत असेल, खाणंपिणं सोडत असेल किंवा सुस्त पडलं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गोवर असेल तर तिथे ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोसही देतात.