पट्टकृमी आणि पांढरा उंदीर

मुंबई आणि उंदीर यांचे नाते जुने आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. हाफकिन यांनी तिच्यावरील लस मुंबईतच तयार केली, आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. हीच १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. अंबरनाथ पूर्वेच्या आपणा मंडळींना तिचे नाव ऐकून ठाऊक असेलच. माणसाच्या रोगाचा माग काढावयाचा तर उंदराकडे पाहावे लागते, हे त्या साथीने शहराला शिकविले. आज त्याच उंदराचा एक निराळा उपयोग आपण पाहू.

पट्टकृमी हा आतड्यात राहणारा, फितीसारखा चपटा जंत. त्याला ना तोंड, ना पोट. आपण पचविलेले अन्न तो अंगानेच शोषून घेतो. आता हा जंत माणसात कसा शिरतो, किती दिवसांत वाढतो, औषध त्याला कोठे गाठते, हे कसे शोधावे? माणसाला मुद्दाम जंताची अंडी खाऊ घालता येत नाहीत. प्रयोगशाळेतील पांढरे उंदीर मात्र एका वयाचे, एका खाण्यावर वाढलेले असतात. लागण कोणत्या दिवशी झाली हे नेमके माहीत असते.

या कामी खुजा पट्टकृमी फार उपयोगी पडला. हा जेमतेम दीड ते चार सेंटिमीटर लांबीचा. माणसात, विशेषतः मुलांत, तो आढळतो आणि उंदरातही आढळतो. बहुतेक पट्टकृमींना वाढीसाठी मध्ये दुसरा एखादा प्राणी लागतो. याला तो लागलाच पाहिजे असे नाही. ग्रासी या इटालियन शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये मोठ्या जातीच्या उंदरांवर प्रयोग करून हे दाखविले. गिळलेल्या अंड्यातून सहा आकड्यांचे पिल्लू निघते, आतड्याच्या मखमली लवेत शिरते, चारपाच दिवस तेथे वाढते व परत पोकळीत येऊन चिकटते. साधारण दोन आठवड्यांत त्याचीही अंडी पडू लागतात. एकदा अंडी पोटात गेलेला उंदीर दुसऱ्या खेपेला सहसा दाद देत नाही, म्हणजे शरीर या जंताशी लढावयास शिकते, हेही उंदरानेच दाखविले.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात माणसांपासून मिळालेल्या खुज्या पट्टकृमीची अंडी प्रयोगशाळेतील उंदरांना दिली, तेव्हा लागण झाली नाही. दिसावयास जंत एकच. पण उंदराचा वाण निराळा आणि माणसाचा निराळा असावा, असा संशय त्यामुळे बळावला. उंदरावरचा निष्कर्ष माणसाला लावताना म्हणूनच ताडून पाहावे लागते.

सर्वांत गंभीर प्रश्न डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीचा. याचा पूर्ण वाढलेला जंत माणसाच्याच आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, हाताला व भाजीपाल्याला लागतात आणि दुसऱ्याच्या पोटात जातात. त्यांतून निघालेली पिल्ले मेंदूत जाऊन पुटी धरतात आणि फेफरे येते. म्हणूनच आयुष्यात मांस न खाल्लेल्या माणसालाही हा रोग होतो. हा जंत साध्या उंदरात वाढवून अभ्यासणे अवघड. तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याचा एक भाऊबंद निवडला. तो मूळचा कोल्ह्यांचा जंत; त्याच्या पुटी उंदराच्या पोटात अंकुर फुटून वाढतात. डुकरांसाठी लस शोधण्याचे मेक्सिकोतील काम याच पुटींच्या आधाराने झाले.

या मुक्या प्राण्यांचे ऋण विसरून चालणार नाही. आपल्या देशात १९६० च्या कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेख ठेवण्याची तरतूद केली आहे, आणि विनाकारण क्लेश देऊ नयेत हा त्यामागचा हेतू आहे.

मग आपण काय करावे? खुज्या जंताचा असो वा डुकराच्या, धोका आहे तो तोंडावाटे जाणाऱ्या अंड्याचा. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. कच्ची खावयाची कोथिंबीर, मुळा, कोबी स्वच्छ पाण्यात नीट धुवावीत. मांस पुरते शिजवावे. आणि घरात कोणाला फेफरे आले तर अंगात आले, बाधा झाली असे म्हणून दिवस घालवू नयेत, डॉक्टरांकडे न्यावे. मेंदूतील पुटीवर आज औषधे आहेत, मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात.