बंबाचें पाणी आणि सरकारी अनुदान

शिरूर-दौंडच्या थंडींत इमारती तापवाव्या लागत नाहींत. वसतिगृहांत, रुग्णालयांत तापवावें लागतें तें पाणी. बंबांतील लांकडाचें हें काम ऊनही करतें. कांचेखालीं काळा पत्रा, त्याला जोडलेल्या नळ्या, वर टाकी. तापलेलें पाणी हलकें होऊन आपणच टाकींत चढतें. २०१० सालच्या राष्ट्रीय सौर मोहिमेंत केंद्र सरकारनें अशा संचांस अनुदान दिलें. २०१४ सालीं तें थांबलें. राज्यांत हा विषय ‘महाऊर्जा’ या १९८५ सालीं स्थापन झालेल्या संस्थेकडे आहे. परंतु अनुदान मिळालें तें संच बसविण्यापुरतें, आणि खरी मेख तेथेंच आहे. विहिरीचें पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार सांचतात. त्या वेळोवेळीं धुण्याची तरतूद वसतिगृहाच्या अंदाजपत्रकांत नसली, कीं कांहीं हिवाळ्यांनंतर बंब पुन्हां पेटतो.